आईचे कवच आणि लसीची वेळ

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या वर्गातील सातवीचा एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आला आणि टेबलाशी नुसताच उभा राहिला. त्याच्या घरी गल्लीतल्या कुत्रीचे एक पिल्लू आणून पाळले होते. ते सहा आठवड्यांचे झाले तेव्हा वडिलांबरोबर गुरांच्या दवाखान्यात जाऊन त्याने त्याला लस टोचून आणली होती, आणि ती वार्ता मला मोठ्या आनंदाने सांगितली होती. "झालं तर! आता काही काळजी नाही," असे मीच त्या वेळी त्याला म्हणालो होतो. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी पुन्हा आणावयास बजावले होते. परंतु पाऊस, चाचणी परीक्षा आणि माझे ते वाक्य या तिहींच्या योगाने ते राहून गेले. पिल्लू दहा आठवड्यांचे असताना एके दिवशी खाईनासे झाले, मग ओकू लागले, मग रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि चौथ्या दिवशी ते गेले.

"सर, लस तर दिली होती ना? मग ते का मेलं?" एवढेच त्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यासाठी मी जे वाचले त्यातून एक इतिहास हाती लागला. तो त्या मुलाला मी सांगितलाच. परंतु पिल्लू पाळणाऱ्या प्रत्येक घराने तो ऐकावा असे वाटल्यावरून आज आपणांपुढे ठेवीत आहे.

या रोगाला आपल्याकडे सर्रास 'पार्वो' म्हणतात. पूर्ण नाव पार्व्होव्हायरस. लॅटिन भाषेत 'पार्वुस' म्हणजे लहान. नाव सार्थ आहे, कारण एका मिलिमीटरच्या अंतरात असे सुमारे चाळीस हजार विषाणू एका रांगेत मावतील. देवी, पटकी, प्लेग या रोगांचा उगम प्राचीन काळाच्या धुक्यात हरवला आहे; परंतु या रोगाचे तसे नाही. आज जे गृहस्थ पन्नाशी ओलांडून गेले आहेत, ते या रोगाहून वयाने वडील आहेत. त्यांच्या जन्मसमयी जगातल्या कोणत्याही कुत्र्याला हा रोग होत असल्याचे ठाऊक नव्हते.

१९७८ साली अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया येथील पशुवैद्यांच्या दारी एकाच सुमारास सारख्याच लक्षणांची कुत्री येऊ लागली. उलट्या, दुर्गंधियुक्त रक्ताचे जुलाब, रक्तातील पांढऱ्या पेशींचा ऱ्हास आणि तीन-चार दिवसांत मृत्यू. कुत्र्यांच्या प्रदर्शनांतून, पैदास करणाऱ्यांच्या आवारांतून, अनाथ कुत्र्यांच्या आश्रयस्थानांतून ही साथ वणव्यासारखी पसरली. अवघ्या दोन वर्षांत ती जगभर पोहोचली. भारतातूनही १९८२ साली तिची नोंद प्रसिद्ध झाली. हा विषाणू हवेवर स्वार होऊन येत नाही. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि माणसाच्या चपलेला, गाडीच्या चाकाला, भांड्याला, साखळीला चिकटून गावोगाव जातो. विमानाने प्रवास करणाऱ्या माणसाबरोबर त्यानेही विमानप्रवास केला.

मग हा आला कोठून? शास्त्रज्ञांनी शोध केला तेव्हा या नव्या पाहुण्याचे घराणे जुनेच निघाले. मांजरांमध्ये याच लक्षणांचा एक रोग फार पूर्वीपासून होता व तो विषाणूमुळे होतो हे १९२८ साली फ्रान्समध्ये सिद्ध झाले होते. १९४७ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, केसाळ कातड्यासाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक नावाच्या मुंगसाच्या चणीच्या प्राण्यांत तशीच साथ उद्भवली होती. कुत्र्यांचा विषाणू या दोघांचा अगदी निकटचा आप्त ठरला. १९६७ साली कुत्र्यांत एक निराळा, बहुधा निरुपद्रवी वाटणारा पार्व्होव्हायरस सापडला होता. त्याच्याशी गल्लत होऊ नये म्हणून या नव्या विषाणूस 'क्रमांक दोन' अशी संज्ञा मिळाली. मागाहून प्रयोगशाळांच्या शीतकपाटांत जपून ठेवलेली कुत्र्यांची जुनी रक्ते तपासली गेली. तेव्हा युरोपातील १९७४ ते १९७६ या वर्षांच्या काही नमुन्यांत या विषाणूच्या खुणा आढळल्या. म्हणजे चोर दोन-चार वर्षे आधीच घरात शिरला होता. ओरड मात्र १९७८ साली झाली.

मौज अशी की, मांजराच्या विषाणूस कुत्र्याच्या पेशीत शिरण्यासाठी फार मोठे रूपांतर करावे लागले नाही. शरीरातील पेशींना लोहाची गरज असते व ते आत घेण्यासाठी पेशीच्या अंगावर एक ठराविक दार असते. याच दारातून हा विषाणू आत जातो. त्याच्या बाह्य कवचातील मोजकेच घटक बदलले आणि कुत्र्याच्या दाराला त्याची किल्ली बसली. एकदा आत शिरला की ज्या पेशी झपाट्याने विभागत असतात त्यांवर तो हल्ला करतो, कारण त्यांच्या वाढीच्या यंत्रणेवाचून त्याला स्वतःची प्रजा वाढविता येत नाही. आतड्याचे अस्तर आणि हाडांतील मगज ही अशा पेशींची ठिकाणे होत. आतड्याचे अस्तर गळून पडले की रक्ताचे जुलाब. मगज ढासळला की पांढऱ्या पेशींचे सैन्यच संपुष्टात. वाढत्या वयाच्या पिल्लांनाच तो अधिक का ग्रासतो, याचे एक कारण यात आहे.

त्या पहिल्या वर्षांत आणखी एक हृदयद्रावक प्रकार दिसे. तीन ते आठ आठवड्यांची, वरकरणी धडधाकट पिल्ले खेळता खेळता किंवा दूध पिता पिता एकाएकी कोसळत व मरत. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत हृदयाच्या स्नायूंच्या पेशीही वाढत असतात. विषाणू त्यांतच शिरत असे. पुढे काही वर्षांत हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. औषध तर निघाले नव्हते. मग तो का थांबला? या प्रश्नाच्या उत्तरातच माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचेही उत्तर दडलेले आहे.

संकटाचा मुकाबला करण्यात ज्या संस्थांनी पुढाकार घेतला त्यांत अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पशुविषाणू संशोधन संस्था अग्रभागी होती. डॉ. जेम्स बेकर यांनी ती १९५० साली स्थापिली; आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तेथील डॉ. लेलंड कार्माइकल आणि डॉ. मॅक्स अॅपेल यांनी नव्या विषाणूच्या अभ्यासास तातडीने हात घातला. प्रारंभी हाताशी लस नव्हती. म्हणून मांजरांच्या रोगाची लसच कुत्र्यांना टोचण्यात आली. आप्ताची लस आप्ताला काही अंशी लागू पडली. नंतर मारलेल्या विषाणूंची लस आली आणि १९८१ च्या सुमारास कार्माइकल यांनी जिवंत परंतु निर्बल केलेल्या कुत्र्यांच्याच विषाणूची लस सिद्ध केली. रोगाचा उद्रेक झाल्यापासून तीन वर्षांच्या आत हे घडले, ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु लस हाती आली तरी तक्रार संपली नाही. लस टोचलेली पिल्ले काही ठिकाणी आजारी पडतच राहिली. दोष लसीचा म्हणावा, तर तीच लस मोठ्या कुत्र्यांत उत्तम काम करीत होती. दोष टोचणाराचा म्हणावा, तर एकाच हाताने टोचलेल्या दोन भावंडांपैकी एक वाचे व दुसरे मरे.

हे कोडे समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल. गाय किंवा म्हैस व्याल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांचे जे घट्ट, पिवळसर दूध निघते, त्याला आपण चीक म्हणतो आणि त्याचा खरवस करून आवडीने खातो. वासराला चीक पाजल्यावाचून ठेवू नये, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. त्याचे शास्त्रीय मर्म मात्र जर्मनीतील पॉल एर्लिख यांनी १८९२ साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. काही विषांना न जुमानण्याची शक्ती अंगी आलेल्या माद्यांची पिल्ले आणि साध्या माद्यांची पिल्ले त्यांनी अदलाबदल करून दुधाला लावली. जे पिल्लू शक्तिमान मादीचे दूध प्याले त्याला संरक्षण लाभले, मग ते तिच्या पोटचे असो वा नसो. ते संरक्षण आईच्या दुधातून येते आणि काही काळाने ओसरते, हे त्यावरून स्पष्ट झाले. आईने स्वतः रोगांशी झगडून रक्तात जी प्रतिपिंडे मिळविलेली असतात, म्हणजे शत्रूला ओळखून त्याला निकामी करणारे जे कण, ते ती चिकावाटे लेकराला उसने देते. हेच ते आईचे कवच.

आता कुत्र्यांकडे वळू. पार्वोच्या पूर्वी कुत्र्यांचा मोठा काळ म्हणजे डिस्टेंपर. देवीच्या लसीचे जनक एडवर्ड जेन्नर यांनी १८०९ साली या रोगाचे वर्णन लिहिले. १९०५ साली फ्रान्सच्या आंरी कारे यांनी तो विषाणूजन्य असल्याचे दाखविले. १९२० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील लेडलॉ व डंकिन यांनी त्यावर लस तयार केली. त्यासाठी 'द फील्ड' नावाच्या नियतकालिकाने श्वानप्रेमी वाचकांकडून निधी गोळा केला होता. तेथेही लस काही पिल्लांना लागू पडे व काहींना पडत नसे. कॉर्नेलच्या संशोधकांनी याचे कारण आईच्या कवचात शोधले. पिल्लाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे भरपूर असली तर ती लसीतील निर्बल विषाणूलाही शत्रू समजून ठार करतात. मग पिल्लाच्या स्वतःच्या शरीराला लढाईचा धडा मिळतच नाही. १९५९ साली बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा आलेख प्रसिद्ध केला, की आईच्या रक्तातील प्रतिपिंडे मोजली म्हणजे तिच्या पिल्लांना डिस्टेंपरची लस कोणत्या वयात लागू पडेल ते सांगता यावे.

हाच धागा कॉर्नेलमध्ये पार्वोच्या वेळी पुन्हा हाती धरण्यात आला. १९८२ साली रॉय पोलॉक आणि कार्माइकल यांचा या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला आणि कोडे उलगडले. पिल्लाला मिळणाऱ्या कवचाचा सुमारे नऊ-दशांश भाग चिकातून येतो. पुढे दर दहा दिवसांच्या आसपास ते निम्मे होत जाते. आणि मुख्य गोष्ट अशी की, रोगापासून राखण्यास जेवढे कवच लागते, त्याहून पुष्कळ कमी कवच लस निकामी करण्यास पुरते.

श्रोतेहो, येथे थोडे गणित करू. मी शाळामास्तर असल्याने ते आपण गोड मानून घ्याल. समजा, एका पिल्लाला आईकडून ६४० मापे कवच मिळाले. रोग दूर ठेवण्यास ८० मापे हवीत असे धरू, आणि लस निष्फळ करण्यास २० मापेही पुरेशी आहेत असे धरू. दहाव्या दिवशी ३२०, विसाव्या दिवशी १६०, तिसाव्या दिवशी ८०. येथून पुढे पिल्लू रोगाला उघडे पडले. परंतु चाळिसाव्या दिवशी ४० व पन्नासाव्या दिवशी २० मापे शिल्लक आहेत, म्हणजे लस अजूनही व्यर्थ. कवच रोगाला अडवू शकत नाही, पण लसीला अडविते, अशी ही मधली फट. आता दुसरे पिल्लू घेऊ. त्याची आई गल्लीत वाढलेली, साथीतून तावून सुलाखून निघालेली. तिने २५६० मापे दिली. हे पिल्लू पन्नासाव्या दिवसापर्यंत सुरक्षित. परंतु त्याची फट सत्तराव्या दिवसापलीकडे जाते. एकाच वेताच्या भावंडांतही, कोण किती चीक प्याले यावरून, हा फरक पडतो.

माझ्या विद्यार्थ्याच्या पिल्लाला बेचाळिसाव्या दिवशी लस टोचली होती. दुसऱ्या उदाहरणाप्रमाणे मोजले, तर त्या दिवशी त्याच्या रक्तात शंभराहून अधिक मापे असावीत. लस चांगली, टोचणारा हातही चांगला. परंतु आईचे कवच मध्ये उभे होते. दहाव्या आठवड्यात ते कवच रोगाला अडविण्याइतके राहिले नाही आणि दुसरी लस मिळालेली नव्हती. त्याच्या बाबतीत बहुधा असेच घडले असावे.

हृदयाचा तो प्रकार का थांबला हेही आता ध्यानात येईल. १९७८ साली रोग नवा होता, म्हणून एकाही आईजवळ देण्यासारखे कवच नव्हते, आणि पहिल्या आठवड्यातच पिल्लांच्या हृदयावर घाला पडे. पुढे आया रोगातून तरून किंवा लस घेऊन शहाण्या झाल्या, आणि त्यांचे चीक पिणाऱ्या पिल्लांचे ते पहिले नाजूक आठवडे निर्धोक झाले. जे कवच लसीच्या आड येते तेच हजारो पिल्लांचे प्राणही राखते. म्हणून त्याला दोष देऊ नये. ते केव्हा ओसरते याची वाट मात्र पाहावी.

ही वाट पाहण्याची रीत म्हणजेच लसींची मालिका. प्रत्येक पिल्लाचे रक्त तपासणे घरोघरी शक्य नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस, त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी पुढली, आणि शेवटची सोळा आठवड्यांच्या वयात किंवा त्यानंतर, असा नियम जगभरच्या पशुवैद्यांनी ठरविला आहे. सहा महिन्यांच्या ते वर्षाच्या वयात आणखी एक द्यावी. या सर्वांपैकी नेमकी कोणती लागू पडेल हे कोणालाच आधी ठाऊक नसते. म्हणून एकही वगळून चालत नाही. 'पहिली दिली, आता बूस्टर कशाला' असे म्हणणारा माणूस, नेमकी जी लागू पडावयाची तीच गाळीत असतो.

मालिका पुरी होईपर्यंत पिल्लाला अनोळखी कुत्र्यांच्या विष्ठेच्या जागा, बाजार, रस्त्याकडेची घाण यांपासून दूर ठेवावे. त्याला घरातच कोंडून भित्रे करावे असा याचा अर्थ नव्हे. कडेवर घेऊन जग दाखवावे, लस पूर्ण झालेल्या निरोगी कुत्र्यांच्या संगतीत खेळू द्यावे. बाहेरून आल्यावर चपला दाराबाहेर ठेवण्याची आपली जुनी चाल येथे फार उपयोगी पडते. ज्या घरी पार्वोने पिल्लू गेले तेथे लगेच दुसरे आणू नये. हा विषाणू सावलीच्या, ओलसर जागी महिनोन् महिने टिकतो. साबण, स्पिरिट, नेहमीचे फिनाईल यांचा भरवसा धरू नये. जागा आधी घासून धुवावी, मग घरगुती द्रव ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून तिच्यावर दहा मिनिटे राहू द्यावा. अंगणातील माती अशी धुता येत नाही. तेथे ऊन आणि काळ हेच उपाय. पुढे आणावयाचे कुत्रे लस पूर्ण झालेले, मोठ्या वयाचे असले तर उत्तम.

रोग झालाच तर वेळ दवडू नये. विषाणू शिरल्यापासून तीन ते सात दिवसांत लक्षणे दिसतात. पिल्लू मलूल झाले, खाईना, ओकू लागले की तासांचा हिशेब करावा. शरीरातील पाणी व क्षार भरून काढणारे सलाईन, उलटी थांबविणारी औषधे आणि इतर जंतूंचा शिरकाव रोखणारी औषधे यांच्या बळावर वेळीच नेलेली बहुसंख्य पिल्ले वाचतात. न नेलेली बहुतेक मरतात. २०२३ साली अमेरिकेत या रोगावर प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनास सशर्त मान्यता मिळाली. विचार केला तर हेही उसने कवचच आहे. आईने दिले नाही ते माणसाने दिले, एवढाच भेद.

विषाणूही स्वस्थ बसलेला नाही. १९७८ चे मूळ रूप काही वर्षांतच मागे पडले. त्याची जागा घेणारी नवी रूपे १९७९-८० व १९८४ साली, आणि आणखी एक २००० साली इटलीत नोंदले गेले. या नव्या रूपांनी मांजरांत शिरण्याची जुनी विद्याही परत मिळविली. सुदैवाने आजच्या लसी त्या सर्वांविरुद्ध संरक्षण देतात. रोगाचा हात किती लांब पोहोचतो याचे एक उदाहरण अमेरिकेतील सुपीरिअर सरोवरातील आयल रॉयल या बेटाचे आहे. तेथे कुत्री नेण्यास मनाई आहे. तरीही १९८० साली पन्नास असलेले लांडगे १९८२ साली चौदा उरले, आणि बाहेरून येऊन पोहोचलेला पार्वो हे त्याचे कारण असल्याचे अभ्यासक मानतात. एका माणसाच्या एका कुत्र्याची हयगय त्याच्या घरापुरती राहत नाही, ती अशी.

हा सर्व वृत्तान्त मी त्या विद्यार्थ्याला फळ्यावर आकडे मांडून सांगितला. "काही काळजी नाही" हे माझे वाक्य चुकले होते, हेही सांगितले. तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे त्याच्या आईने त्याला जास्तच दिलं होतं." मी म्हटले, "होय. तिने तिचे काम केले. पुढचे आपण करावयाचे होते."

त्या कुत्रीला या उन्हाळ्यात पुन्हा पिल्ले झाली. त्याने त्यांतले एक घरी आणले आहे; परंतु या वेळी साथीचे घर म्हणून डॉक्टरांचा सल्ला घेऊन, आधी जागा धुऊन आणि पहिल्या दोन लसी कुत्रीजवळच, दुसऱ्याच्या आवारात असताना देऊन. वर्गातील दिनदर्शिकेवर पुढल्या तारखांभोवती त्याने लाल पेन्सिलीने गोल काढले आहेत. शेवटचा गोल सोळा आठवड्यांच्या पलीकडचा आहे. तो दिवस उजाडेपर्यंत "आता काळजी नाही" हे वाक्य मी उच्चारणार नाही. आपल्या घरी पिल्लू असेल तर आपणही उच्चारू नये, एवढीच विनंती.